शवपेटीतला हात आणि प्रेक्षकांची पत्रं

१७ एप्रिल १९६७, सोमवारची दुपार. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर विली लूमिस नावाचा एक भुरटा चोर कॉलिन्स घराण्याच्या जुन्या दफनघरात शिरतो. मेलेल्यांबरोबर दागिने पुरले आहेत, अशी वदंता त्याच्या कानावर आलेली असते. आतल्या चोरखोलीत त्याला साखळदंडांनी जखडलेली शवपेटी सापडते. एवढ्या साखळ्या आहेत म्हणजे ऐवजही तसाच घसघशीत असणार, असा सरळ हिशेब करून तो त्या तोडतो, झाकण उचलतो, आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. भाग संपतो. दुसऱ्या दिवशी कॉलिन्सांच्या हवेलीच्या दारात एक गृहस्थ उभा असतो. अंगावर केप, हातात लांडग्याच्या चांदीच्या तोंडाची मूठ असलेली काठी. आपण इंग्लंडहून आलेले दूरचे नातलग बार्नबस कॉलिन्स, असं तो अदबीनं सांगतो. घरात शिरल्या शिरल्या भिंतीवर त्याच नावाच्या एका पूर्वजाचं तैलचित्र आहे आणि पाहुण्याचा चेहरा त्याच्याशी हुबेहूब जुळतो. घरच्यांना त्यात वावगं काही वाटत नाही; घराण्याचा तोंडवळा आहे, एवढं म्हणून ते त्याचं स्वागत करतात.

ही मालिका म्हणजे ‘डार्क शॅडोज’. २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात सोमवार ते शुक्रवार रोज अर्धा तास चाललेली, एकूण १,२२५ भागांची. दुपारच्या घरगुती मालिकेत भूत, चेटकीण, व्हॅम्पायर, लांडगा होणारा माणूस आणि कालप्रवास हे सगळं कोंबण्याचं धाडस तिच्या आधी कुणी केलं नव्हतं. निर्माता डॅन कर्टिस. तिच्यावरची प्रेक्षकांची मतं आजही थांबलेली नाहीत आणि ती ठरावीक तीन रुळांवरून धावतात. पहिलं मत असं, की व्हॅम्पायर येईपर्यंतचे दोनशेनऊ भाग सोडून द्या, खरी मालिका २१०व्या भागापासून. दुसरं, की हलणाऱ्या भिंती, चौकटीत डोकावणारे माइक आणि विसरलेले संवाद यांच्यासाठी पाहा, हसून हसून पुरेवाट होईल. तिसरं मत जुन्या चाहत्यांचं: आमच्या लहानपणी यापेक्षा भारी काही नव्हतं, तुम्हाला ते कळायचं नाही. या तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही मतं मालिका संपल्यावरची आहेत. मला जास्त मोलाचं वाटतं ते चौथं मत. मालिका चालू असताना, रोजच्या रोज, पत्रांतून आणि प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांतून आलेलं. ‘डार्क शॅडोज’मध्ये जे काही टिकाऊ आहे ते त्या मतातून घडलं. मात्र ते मत शब्दशः पाळून घडलेलं नाही. आपण कुणाकडे बघतोय, हे प्रेक्षकानं सांगितलं. का बघतोय, हे शोधण्याचं काम लेखकांनी स्वतःकडे ठेवलं. हा भेद धूसर झाला तिथे मालिका घसरली, आणि आपल्याकडच्या मालिकांबद्दल बोलतानाही तो सहसा विसरला जातो.

आधी तो हात आला कुठून ते पाहू. सुरुवातीच्या महिन्यांत ‘डार्क शॅडोज’ ही मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट नावाच्या काल्पनिक गावातली अंधारी, दमट, पण बऱ्यापैकी सभ्य मालिका होती. आईबापांचा पत्ता नसलेली व्हिक्टोरिया विंटर्स एका श्रीमंत घरात मुलाची शिक्षिका म्हणून येते. घराची मालकीण अठरा वर्षं उंबरठ्याबाहेर पडलेली नाही, तिचा भाऊ तिरसट आहे, तळघराला कुलूप आहे. ‘जेन एअर’ वाचलेल्या कुणालाही ओळखीचं वाटावं असं हे सगळं. मालकिणीच्या भूमिकेत जोन बेनेट होत्या, हॉलिवूडच्या एकेकाळच्या मोठ्या नायिका. तरीही आकडे रडत होते. मग कर्टिसनं हळूहळू भुतं सोडायला सुरुवात केली. आधी तैलचित्रातून उतरणारी जोसेट, मग आगीतून पुन्हा पुन्हा जन्म घेणारी लॉरा. आता बुडायचंच आहे तर मनासारखं करून बुडू, अशा बेतानं शेवटी व्हॅम्पायर आला. तो आला पाहुणा म्हणूनच. काही आठवडे दहशत माजवायची आणि मग छातीत खुंटी ठोकून घेऊन निघून जायचं, एवढंच त्याचं काम. जोनाथन फ्रिड हा बेचाळीस वर्षांचा, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला कॅनडियन नट होता. रंगभूमी सोडून कुठेतरी नाट्यशास्त्र शिकवावं अशा विचारात असलेल्या फ्रिडनं चार पैसे मिळतील म्हणून हे अल्प मुदतीचं काम घेतलं.

पत्रं मात्र त्याच्या नावानं येऊ लागली, आणि हजारोंनी आली. शाळा सुटल्यावर धावत घर गाठणारी मुलं, कॉलेजातली पोरं, घरकाम उरकून बसलेल्या बायका, सगळ्यांना हाच माणूस हवा होता. इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. त्या वसंतात बार्नबस काही प्रेमळ वगैरे नव्हता. विलीला तो काठीनं बडवत होता. हॉटेलात काम करणाऱ्या मॅगी इव्हान्सला पळवून, आपल्या मेलेल्या प्रेयसीचा पोशाख घालायला लावून, तिची संगीतपेटी कानाशी वाजवून, तू मॅगी नाहीसच, जोसेट आहेस, असं तिच्या मनावर बिंबवत होता. हे छळाचं वर्णन आहे, प्रेमकथेचं नाही. म्हणजे ‘बार्नबसला ठेवा’ असं म्हणणारा प्रेक्षक नेमकं काय मागत होता? सरळ अर्थ घेतला असता तर उत्तर सोपं होतं. अजून चार मुली पळवा, अजून चार गळे चावा. टपालाचा असा अर्थ काढणारे निर्माते तेव्हाही होते, आजही आहेत.

कर्टिस आणि त्याच्या लेखकांनी वेगळं केलं. छळ करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर फ्रिडमुळे एक लाज दिसत होती, आणि लोक तिच्याकडे बघत होते. मग ही लाज कुठली, याचा शोध घेण्यासाठी नोव्हेंबर १९६७मध्ये एका प्लँचेटच्या बैठकीतून व्हिक्टोरियाला थेट १७९५ सालात टाकण्यात आलं. त्यानंतर कित्येक महिने मालिकेनं वर्तमानकाळ बाजूलाच ठेवला. रोजच्या मालिकेत असं करणं म्हणजे दुकान चालू असताना गिऱ्हाइकाला बाहेर बसवून घराचा पाया खणण्यासारखं. १७९५मध्ये बार्नबस हा हळवा, जरा भाबडा तरुण आहे. मार्तिनिकहून येणाऱ्या जोसेटशी त्याचं लग्न ठरलंय. तिची दासी अँजेलिक चेटूक जाणणारी आहे. तिच्याशी त्यानं पूर्वी संबंध ठेवले होते आणि मग तिला झटकून टाकलं. शाप तिथून येतो. लेखकांनी त्याला निर्दोष ठरवलं नाही, त्याचा गुन्हा फक्त माणसाच्या मापाचा केला. आणि शेवटाकडे येतो तो प्रसंग, ज्यासाठी ही सगळी खटपट होती. बार्नबसचा कडक, मानी बाप जोशुआ याला मुलाचा कायमचा शेवट करायचा आहे. मुलगा स्वतःच तशी भीक मागतोय. बापाचा हात उठत नाही. तो शवपेटीला साखळदंड घालवून घेतो. एप्रिल १९६७मध्ये विलीनं तोडल्या त्याच या साखळ्या. खजिन्याच्या लोभानं तोडलेली साखळी मुळात एका बापाच्या कमकुवत क्षणाची होती, हे प्रेक्षकाला जवळपास वर्षभरानं कळलं. असं काही दाखवा म्हणून कुणी पत्र धाडलं असेल, हे मला खरं वाटत नाही. पण पत्रं आली नसती तर बार्नबस उन्हाळ्यातच खुंटीनं मेला असता आणि त्या साखळ्या नुसत्या सामान म्हणून राहिल्या असत्या.

आता पहिल्या मताकडे, म्हणजे ‘२१०पासून पाहा’ या सल्ल्याकडे वळू. तो इतका रुळला की मालिकेचं पुनःप्रसारण विकलं गेलं तेही तिथूनच, आणि डीव्हीडीचा पहिला संच निघाला तोही २१०व्या भागापासून. आधीचं वर्ष नंतर ‘द बिगिनिंग’ अशा वेगळ्या नावानं बाहेर आलं. घराचा जिना मागाहून विकायला काढावा तसा प्रकार. पण दोनशेनऊ दिवस त्या हवेलीत चहा ओतला गेला, वारसाहक्कावरून कुरबुरी झाल्या, तळघराच्या कुलपाची चर्चा झाली, म्हणून दाराशी आलेला पाहुणा भयंकर वाटतो. घर ओळखीचं झाल्याशिवाय घरात शिरलेलं भूत घाबरवत नाही. १९९१मध्ये एनबीसी वाहिनीसाठी कर्टिसनंच मालिका नव्यानं केली, बेन क्रॉसला बार्नबस बनवलं आणि पहिल्याच भागात शवपेटी उघडली. निर्मिती झकपक होती, अभिनय उत्तम होता, पण बारा भागांत गाशा गुंडाळावा लागला. ती जानेवारीत सुरू झाली त्याच आठवड्यात आखाती युद्ध पेटलं, बातम्यांनी वेळापत्रक उधळलं, हे कारण खरंच आहे आणि त्याचा वाटा मोठा आहे. तरीही मला वाटतं, पंचवीस वर्षांच्या प्रेक्षकमताचा अर्क काढून थेट पाजण्यात एक चूक होतीच. २०१२मध्ये टिम बर्टननं जॉनी डेपला घेऊन चित्रपट काढला आणि दुसऱ्या मताला, म्हणजे ‘हसण्यासाठी पाहा’ याला, कौल दिला. फ्रिडसह चार जुने कलाकार त्यात क्षणभर पाहुणे म्हणून दिसतात. फ्रिडचं निधन चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही आठवडे आधी, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये झालं.

हसण्याचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. ‘डार्क शॅडोज’मधल्या चुका खरोखर अफाट आहेत. दफनभूमीतला दगड धक्का लागला की डुलतो. गंभीर संवाद चालू असताना बार्नबसच्या तोंडावर माशी बसते, आणि दोनशे वर्षांचं पिशाच्च ती हाकलायची की नाही या पेचात पडल्यासारखं दिसतं. शेवटच्या श्रेयनामावलीमागे एखादा कामगार सहज चालत जातो. नट वाक्याच्या मध्यावर थबकतो आणि त्याची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथे संवादांची पट्टी फिरते आहे, तिथे जाते. चाहते या प्रसंगांची जपणूक करतात, टीकाकार त्यांच्यावर बोट ठेवतात, आणि दोघंही त्याला गबाळेपणा समजतात. खरं कारण तंत्राचं आणि पैशाचं होतं. त्या काळात व्हिडिओ टेपचं संकलन म्हणजे ती कापून जोडणं. वेळखाऊ आणि खर्चिक. म्हणून न्यूयॉर्कच्या स्टुडिओत सकाळी तालीम करून दुपारी अर्ध्या तासाचा भाग जवळपास सलग टिपला जायचा, पार्श्वसंगीत आणि वादळाचे आवाजसुद्धा त्याच वेळी सोडले जायचे. अगदीच आकाश कोसळलं तर थांबायचं, नाहीतर पुढे. रोज एक नवा अंक, आठवड्याला पाच प्रयोग, पाच वर्षं.

मराठी प्रेक्षकाला हे समजायला फार सायास पडू नयेत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रात्रभर संवाद नटांच्या जिभेवर घडतात, आणि राक्षसाचा मुकुट सरकला म्हणून कुणी उठून जात नाही. संगीत नाटकात तर प्रेक्षकाचं मत प्रयोगाच्या मध्येच पोहोचायचं: ‘वन्समोअर’ आला की मृत्युशय्येवरचं पात्रसुद्धा उठून पद पुन्हा म्हणे. तिथे चूक दिसत नव्हती असं नाही; ती दिसूनही प्रेक्षक मनानं आत राहत असे, कारण समोर काहीतरी आत्ता घडतंय ही जाणीव चुकीपेक्षा मोठी होती. फ्रिडचं उदाहरण बोलकं आहे. पाठांतर ही त्याची दुखरी बाजू होती, रोजची पानं त्याला पेलत नसत. पुढचं वाक्य शोधताना चेहऱ्यावर जी घालमेल उमटे ती बार्नबसची घालमेल म्हणून लोकांनी वाचली. मगाशी म्हटलेली ‘लाज’ काही अंशी तिथूनच आली असणार. ही नटाची कमाई की योगायोग, यावर वाद घालता येईल. पण त्या थबकण्यात प्रेक्षकाला माणूस दिसला आणि लेखकांनी त्या माणसाला भूतकाळ दिला. नंतरच्या अमेरिकन कथांतले पश्चात्तापानं पोळलेले व्हॅम्पायर, मग ते ॲन राइसच्या कादंबरीतले असोत की ‘बफी’ मालिकेतला एंजल, याच वाटेवरचे आहेत. कर्टिसनं स्वतः १९७४मध्ये ड्रॅक्युला केला तेव्हा त्यालाही हरवलेल्या प्रेयसीचं दुःख चिकटवलं, जे मूळ कादंबरीत कुठेच नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की हे शेवटी प्रेक्षकांच्या लहरीवर कथा नाचवण्याचं समर्थनच झालं. आपल्याकडे टीआरपीच्या नावाखाली तेच चालतं. खलनायिका गाजली की तिला मरू देत नाहीत, मेली तर जुळी बहीण आणतात, कथा रबरासारखी ताणतात. आक्षेप बरोबर आहे, पण त्याचा बाण भलतीकडे रोखलेला आहे. गाजलेलं पात्र टिकवणं हा दोष नाही. टिकवण्यासाठी काय किंमत मोजली, हे बघायला हवं. ‘डार्क शॅडोज’नं हा खेळ दुसऱ्यांदा केला तो क्वेंटिन कॉलिन्सच्या बाबतीत. १९६८च्या अखेरीस डेव्हिड सेल्बी हा देखणा नट एका मुक्या भुताच्या रूपात आला. एक शब्द न बोलता उभा राहायचा, आणि ग्रामोफोनवर एक वॉल्ट्झ वाजायचा. पुन्हा पत्रांचा पूर. भुताला बोलतं करायचं तर ते जिवंत असतानाच्या काळात जाणं आलं, म्हणून १८९७. मालिकेचा हा सर्वात जोमदार काळ. क्वेंटिनची ती धून १९६९मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढली. नेमकी हीच युक्ती आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’नं केली. २०१६मध्ये मालिका सुरू होते तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. मेलेला हा माणूस सगळ्या घरावर पसरून राहिला, प्रेक्षक त्याच्याबद्दल बोलत राहिले, आणि २०१९मध्ये दुसरं पर्व आलं ते मागे जाऊन, अण्णा आणि त्याची प्रेयसी शेवंता यांना हाडामांसाचं करून. आकेरीच्या वाड्याचा आणि मेनमधल्या हवेलीचा काहीएक संबंध नाही, लेखकांनी ती जुनी मालिका पाहिलेलीही नसेल. पण गाजलेल्या मृतासाठी भूतकाळाचं दार उघडावं लागतं ही गरज दोन्हीकडे सारखीच. दुसरं पर्व पहिल्याहून सरस ठरलं याचं कारण तेच. प्रेक्षकानं ‘अण्णा’ म्हटलं आणि उत्तरात त्याला अण्णाची वासना, दहशत आणि त्याची बायको माई हिचं गिळलेलं आयुष्य दाखवलं गेलं. तिसऱ्या पर्वात २०२१ साली तीच माणसं भुतं होऊन परतली, आणि तिथे मात्र उत्तराऐवजी प्रतिध्वनी ऐकू येऊ लागला, असं माझं मत आहे.

प्रेक्षकांच्या मताला धुडकावलं तर काय होतं, याचंही उदाहरण या अमेरिकन मालिकेतच आहे. १८९७ संपल्यावर १९६९च्या अखेरीस लेव्हिअथन नावाच्या आदिम शक्तींचं कथानक आलं. भयकथाकार लव्हक्राफ्टच्या धर्तीवरचं, कागदावर फार हुशार. त्यात बार्नबस एका पंथाचा थंड, आज्ञाधारक हस्तक झाला. ज्या घालमेलीसाठी लोक त्याच्याकडे बघत होते ती एका फटक्यात पुसली गेली. प्रेक्षक नाराज झाले, आकडे घसरले, आणि निर्मात्यांनी घाईघाईनं त्याला पुन्हा व्हॅम्पायर करून टाकलं. ही माघार शब्दशः होती: दात परत द्या म्हणता ना, घ्या दात. पण दातांसाठी कुणी आलेलं नव्हतं. त्याच सुमाराला ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ चित्रपटासाठी मुख्य कलाकार मालिकेतून काही काळ उचलले गेले, आणि चित्रपटातला बार्नबस तर सरळसोट रक्तपिपासू होता. चित्रपट चालला. मालिका मात्र सावरली नाही.

दुसरा आक्षेप पत्रांवरच आहे. पत्र लिहितो तो उत्साही अल्पसंख्य असतो. त्याच्या आवाजाला लोकमत म्हणणं धोक्याचं. शिवाय वाहिनीला टपालाचे ढीग जाहिरातीसाठी हवेच असतात. हे मान्य. म्हणूनच मालिकेचा अंत कसा झाला हे पाहणं उद्बोधक आहे, कारण तिथे पत्र आणि आकडा समोरासमोर आले. १९६९च्या हॅलोविनला व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या कन्येनं मुलांसाठी ठेवलेल्या मेजवानीला फ्रिड बार्नबसच्या वेषात गेला होता. बाजारात बार्नबसचे पत्ते, कॉमिक, अंधारात चमकणारे सांगाडे असलेला पटावरचा खेळ, आणि ‘मॅरिलिन रॉस’ या टोपणनावानं एका कॅनडियन गृहस्थानं लिहिलेल्या बत्तीस कादंबऱ्या होत्या. आणि तरीही दीड वर्षात मालिका बंद. आकडे उतरले होतेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की बघणाऱ्यांत मुलं फार होती. दुपारच्या मालिकांना ‘सोप’ म्हणतात ते साबणवाल्यांच्या पैशावर त्या चालत म्हणून, आणि धुण्याची पावडर चौदा वर्षांचा मुलगा विकत घेत नाही. जानेवारी १९७१पासून सिगारेटच्या जाहिराती अमेरिकन टीव्हीवरून हद्दपार झाल्या, वाहिन्यांच्या उत्पन्नाला खिंडार पडलं, आणि जिथे गिऱ्हाईक नाही ती वेळ मोकळी करणं ओघानं आलं. ५ एप्रिलपासून त्या जागी ‘पासवर्ड’ हा शब्दांचा खेळ सुरू झाला. म्हणजे पत्रांत अल्पसंख्याकांचा आवाज येतो हे खरं, पण आकड्यात तरी सगळे कुठे येतात? ज्याच्या खिशात पैसे त्याचंच मत तिथे धरलं जातं. दोन्ही तराजू वाकडे. त्यातल्या एकानं निदान काय आवडतं एवढं तरी सांगितलं.

काहींच्या मते असल्या मालिकांवर मत विचारायचंच कशाला, त्या मुळातच अंधश्रद्धा पसरवतात. कोकणातून ‘रात्रीस खेळ चाले’ला विरोध झाला तो याच कारणानं, आणि मालवणी माणसाचं विकृत चित्र रंगवल्याच्या रागानं. दुसरा राग मला समजतो; एका खऱ्या प्रदेशाच्या नावावर भुतं खपवली की तिथल्या लोकांनी बोलायलाच हवं. कॉलिन्सपोर्ट काल्पनिक ठेवण्यात तेवढी सोय होती. पहिल्या आक्षेपाला मात्र ‘डार्क शॅडोज’चा अनुभव फारसा दुजोरा देत नाही. त्यातली डॉक्टर ज्युलिया हॉफमन शाप हा रक्ताचा आजार मानून बार्नबसला सुया टोचत राहते, त्याच्यावर जीव लावून बसते आणि बहुतेकदा अपयशी ठरते. हे बघून कुणी लसूण गळ्यात बांधत नाही. नारायण धारपांच्या भयकथा वाचून मोठ्या झालेल्या पिढ्यांनीही बांधला नव्हता.

शेवटच्या आठवड्यांत तर बार्नबस पडद्यावर नव्हताच. व्हॅम्पायरला कंटाळलेल्या फ्रिडनं एका समांतर काळातल्या १८४१मध्ये ब्रॅमवेल नावाचं वेगळंच पात्र रंगवलं, आणि २ एप्रिलच्या भागात निवेदकानं, एका मुलीच्या मानेवरच्या खुणा कुठल्याशा जनावराच्या होत्या, एवढं सांगून पाच वर्षांचा पडदा पाडला. मूळ माणसांचं काय झालं, हे कुणीच सांगितलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालिकेचे एक प्रमुख लेखक सॅम हॉल यांनी ‘टीव्ही गाइड’ साप्ताहिकात लेख लिहून बार्नबसचं पुढे काय झालं असतं ते कळवलं. प्रेक्षकांच्या पत्रांना लेखकानं धाडलेलं हे उशिराचं उत्तर.

त्या काळच्या बहुतेक दुपारच्या मालिकांच्या टेप वाहिन्यांनी पुसून पुन्हा वापरल्या. कोण बघणार परत, हा त्यामागचा हिशेब. ‘डार्क शॅडोज’ जवळजवळ संपूर्ण वाचली. १,२२५ भागांतला फक्त एक हरवला, अखेरच्या आठवड्यांतला, क्रमांक १२१९. टेप कुठेच मिळाली नाही. व्हिडिओवर मालिका आणताना तो भाग पुन्हा उभा केला गेला, इतर भागांतली स्थिरचित्रं एकामागून एक लावून. आणि आवाज? तो मिळाला टीव्हीवर भाग चालू असताना घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेल्या एका ध्वनिमुद्रणातून.